मगरीची साइड कुठली?

दिवाळीनंतरच्या रविवारी विनूचा फोन आला. विनू माझा धाकटा भाऊ. "ताई, तू सायन्सवाली. तू सईला जरा समजाव." आमच्या घरात समजावणे या क्रियापदाचा अर्थ फार पूर्वी ठरलेला आहे, आणि त्यात समोरच्याचं ऐकून घेणं बसत नाही.

सई अकरावीत आहे, बी ग्रुपला. गुजरात बोर्डाशी संबंध न आलेल्यांसाठी सांगते. इथे अकरावी सायन्सला पाऊल टाकलं की लगेच दोन फाटे फुटतात. गणित घेतलं की ए ग्रुप, जीवशास्त्र घेतलं की बी. दोन्ही घेणारी मुलंही असतात, त्यांना एबी म्हणतात, आणि क्लासवाले त्यांच्याकडे 'दोन घरचा पाहुणा उपाशी' अशा नजरेने बघतात. सईला बी ग्रुप दिला तो अर्थात 'नीट'साठी, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी. क्लासची दोन वर्षांची फी विनूने एकरकमी भरली, कारण एकरकमी भरली की सूट होती. आणि आता बाईसाहेब म्हणत होत्या, डॉक्टर नको, मला मगरींचा अभ्यास करायचाय.

"मगरींचा," विनू फोनवर पुन्हा म्हणाला. पहिल्यांदा मला नीट ऐकू गेलं नसावं असं त्याला वाटलं.

बाहेरच्या माणसाला हे पोरीचं खूळ वाटेल. बडोदेकराला वाटू नये. आमच्या शहराच्या मधोमध विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. कुठल्या अभयारण्यात नव्हे, भर वस्तीत, सांडपाण्याच्या वासात, पुलांखाली, लोकांच्या गच्च्यांवरून दिसतील अशा. अलीकडच्या गणनेत चारशेच्या वर निघाल्या. लहानपणी कमाटी बागेतून घरी परतताना बाबा काळा घोड्याच्या पुलावर सायकल उभी करायचे, मला कठड्याशी धरायचे आणि सांगायचे, "ते लाकूड नाहीये, नीट बघ." मी नीट बघायचे. मग ते लाकूड हळूच पाण्यात सरकायचं.

सईची मगर मात्र पुलावरून दिसलेली नव्हे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती घरी आली होती. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फुटांची. त्या वेळी पाणी ३५ च्या वर गेलं. विनूची सोसायटी समा भागात. खालचा मजला सोडून सगळे वरच्या शेजाऱ्यांकडे राहायला गेले, आणि पाणी ओसरल्यावर पार्किंगमध्ये, आडव्या पडलेल्या स्कूटरच्या रांगेमागे, एक मगर चिखलात बसलेली सापडली. रेस्क्यूची मुलं आली. त्यांनी लांबून एक ओलं गोणपाट तिच्या डोळ्यांवर टाकलं आणि ती एकदम गप्प झाली. सोसायटीतल्या सगळ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढले. सईने त्यातल्या एका मुलाला विचारलं, "डोळे झाकले की गप्प का होते?" तो म्हणाला, "थाय एवुं," म्हणजे होतं तसं. सईला ते उत्तर पुरलं नाही. तिथून ती वाचत सुटली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या रविवारी मला फक्त एवढंच ठाऊक होतं, की भाचीला एक वेड लागलंय आणि भावाला ते उतरवून हवंय. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला तीस वर्षं काढली आहेत. कोणतंही काम मी तक्त्याने सुरू करते. आठवडाभर रात्री बसून मी एक्सेलमध्ये यादी केली: अभ्यासक्रमाचं नाव, संस्था, गाव, वर्षं, प्रवेश परीक्षा, फी. बीएससी प्राणिशास्त्र, बीएससी पर्यावरणशास्त्र, सागरी जीवशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी, पशुवैद्यक, वनशास्त्र. एकतीस ओळी झाल्या. संस्थांना रंगही दिले: सरकारी हिरवा, खाजगी गुलाबी. पुढच्या शनिवारी मोठ्या अभिमानाने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

सईने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. पुन्हा खालून वर आली. मग म्हणाली, "आत्या, यातली कुठली मुलं मगरी बघतात?"

मला ते माहीत नव्हतं. एकतीस ओळींत तो रकानाच नव्हता.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तो रकाना का नव्हता ते कळायचं नाही. मी १९८९ मध्ये बारावी झाले. बाबा मला घेऊन युनिव्हर्सिटीच्या सायन्स फॅकल्टीत गेले. एम. एस. युनिव्हर्सिटी १९४९ ची, पण तिचं मूळचं बडोदा कॉलेज १८८१ चं. आमच्या घरात दोघांनाही नुसतं 'कॉलेज' म्हणत. फॉर्मवर मुख्य विषयाचा चौकोन होता. बाबांनी पेन काढलं आणि म्हणाले, "केमिस्ट्री लिही. कंपन्या पुष्कळ आहेत." मी लिहिलं. झाला माझ्या पदवीचा शोध. रांगेत उभं राहायला लागलेला वेळ धरून चाळीस मिनिटं.

बाबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. ते म्हणत होते ते शहराकडे नुसती मान वर करून पाहिलं तरी दिसत होतं. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी तंत्रशिक्षणाचं कलाभवन सुरू केलं. तेच गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषधांची कंपनी काढली. मग १९६० च्या दशकात खतांचा कारखाना आला, रिफायनरी आली, पाठोपाठ पेट्रोकेमिकल्स. माझी पदवी मी निवडली नाही, बाबांनीही निवडली नाही. ती बडोद्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांनी निवडली. मला त्याचा राग नाही. काम चांगलं होतं, पगार वेळेवर होता. पण तीन वर्षांत मी काय शिकणार आहे, हे मी पहिल्या दिवशी वर्गात बसल्यावर वाचलं. अभ्यासक्रम आधी वाचायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

म्हणून सईच्या त्या एका वाक्याने मी जरा ओशाळले.

"तुला मगरीचं नेमकं काय बघायचंय?" मी विचारलं. हा प्रश्न पहिल्या दिवशी, यादीच्या आधी, विचारायला हवा होता.

तिने वहीच काढली. मगरीचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्यात शिरताना ठरलेलं नसतं. आपल्यासारखी एक्स-वाय गुणसूत्रं तिथे नाहीत. मादी काठावर खड्डा करून अंडी पुरते, आणि त्या मातीचं तापमान ते ठरवतं. २८ ते ३१ अंशांत सगळ्या माद्या होतात, ३२.५ च्या आसपास नर. अंडी घालायची उन्हाळ्याच्या तोंडाशी, पिल्लं पावसाच्या आधी बाहेर. म्हणजे एप्रिल-मेच्या बडोद्याच्या उन्हात, दीड अंशाच्या फरकावर.

"मग आत्या, बडोदं तापत चाललंय तर विश्वामित्रीत काय होत असेल? आणि काठ सिमेंटने बांधून काढला तर? सिमेंटच्या शेजारची माती जास्त तापते ना?"

मी चहा ठेवायला उठले. काही वेळा माणसाला पाठ फिरवून उभं राहायला काम हवं असतं. तीस वर्षं मी प्रयोगशाळेत इन्क्युबेटरचं तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी नोंद करत आले आहे, आणि नदीकाठच्या मातीत निसर्गाने तसाच इन्क्युबेटर लावून ठेवलाय हे मला सोळा वर्षांच्या पोरीने सांगावं!

पण चहा उकळेपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. हा प्रश्न प्राणिशास्त्राचा आहे, हे खरं. मातीत उष्णता किती खोल आणि किती वेगाने शिरते हे भौतिकशास्त्र. सहा महिने मातीत टिकेल असा तापमापक गाडायचा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. दहा घरट्यांवरून सगळ्या नदीबद्दल बोलायचं म्हणजे संख्याशास्त्र. नदीचा काठ का बदलतोय हे भूगोल, आणि थोडं महापालिकेचं राजकारण. माझ्या एकतीस ओळींत या प्रश्नाच्या नावाची पदवी नव्हती, कारण अशी पदवी नसतेच.

मग आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. पदवीपासून कामाकडे जायचं सोडलं आणि काम करणाऱ्या माणसांपासून मागे मागे गेलो. मगरींवरचे शोधनिबंध काढले, लेखकांची नावं घेतली, आणि एकेकाने पूर्वी काय शिकलं होतं ते त्यांच्या संस्थांच्या पानांवर शोधलं. दोन शनिवार गेले. जे निघालं ते माझ्या रंगीत यादीला फारसं मानवणारं नव्हतं. एक पशुवैद्य होता. दोघी प्राणिशास्त्राच्या. एक वनखात्यातला अधिकारी. एकाची पहिली पदवी इंजिनिअरिंगची, एकीची संख्याशास्त्राची. सईने रेघा ओढून तक्ता केला आणि म्हणाली, "म्हणजे कुठूनही जाता येतं?" मी म्हटलं, "कुठूनही नाही. यातल्या प्रत्येकाला गणित येतं."

ती गप्प झाली. गणित तिने दहावीनंतर सोडलं होतं. बी ग्रुपला लागत नाही म्हणून.

बडोद्यात विज्ञानाचा विषय निघाला की व्यंकी रामकृष्णन यांचं नाव येतंच. आमच्याकडे तो जवळपास रिवाजच आहे. वडिलांनी युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीचा विभाग उभा केला, मुलाने इथेच १९७१ मध्ये बीएससी केलं, २००९ मध्ये नोबेल. विनूनेही तेच काढलं: "बघ, आपल्या बडोद्याच्या माणसाने नोबेल मिळवलं, मन लावून केलं की होतं." मी म्हटलं, विनू, जरा क्रम बघ. बीएससी फिजिक्समध्ये. पीएचडी अमेरिकेत, तीही फिजिक्समध्ये. मग त्यांना वाटलं आपल्याला जीवशास्त्रातलं काही करायचंय, तर हा पीएचडी झालेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला बसला. आणि नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी. यातली कुठली साइड त्याला अकरावीत देणार होतास?

विनू म्हणाला, "नोबेलवाल्यांचं वेगळं असतं." ते अगदीच चूक नाही. शिखरावरचा माणूस दाखवून पोरांना रस्ता सांगू नये, हे मलाही पटतं. म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

सईने पाच जणांना ईमेल लिहिले. मी फक्त 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम'नंतरची दोन पानी प्रस्तावना कापली. पाचांतल्या दोघांची उत्तरं आली. त्यातलं एका बाईंचं लांबलचक होतं. त्यांनी पदवीबद्दल एक ओळ लिहिली होती आणि बाकी सगळं इतर: गणित सोडू नकोस, पोहायला शीक, आणि गुजराती-मराठी दोन्ही चांगलं बोलत राहा, कारण नदीकाठच्या माणसांना ज्या गोष्टी ठाऊक असतात त्या कुठल्याही निबंधात नसतात. सईने त्यातलं पोहणं लगेच सुरू केलं. सोपं होतं ते आधी.

गणिताचं प्रकरण तसं सोपं नव्हतं. आम्ही एकेका संस्थेच्या अटी समोर ठेवून बसलो. आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारच्या सात संस्था: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेऱ्हामपूर. पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षांचा बीएस-एमएस, आणि सुरुवातीला सगळ्यांना सगळे विषय. बारावीला गणित नसलं तरी फॉर्म भरता येतो. पण त्यांच्या परीक्षेत चार विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न. साठांतले १५ गणिताचे, आणि चुकलं की गुण वजा. म्हणजे दार उघडं आहे, फक्त उंबरठा गुडघ्याएवढा आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, आयआयएससीत, तर बारावीला गणित नसेल तर दारच नाही. हे मला विनूला दाखवायचं होतं. पोरीने नीट दिली नाही तर फी वाया जाईल याची त्याला चिंता होती. अकरावीत गणित सोडलं तेव्हा काय काय बंद झालं, हे ना त्याने पाहिलं होतं, ना क्लासने सांगितलं होतं. क्लासच्या माणसाला मी विचारलंही. तो म्हणाला, "मॅडम, गणित घेतलं की बायोचा फोकस जातो." नीटला देशभरातून वीस लाखांच्या वर मुलं बसतात आणि त्या परीक्षेत गणित नाही, हे त्याच्या दृष्टीने पुरेसं होतं. त्याच्या धंद्याला ते पुरेसं असेलही.

नातेवाइकांच्या ग्रुपवर दरम्यान सल्ल्यांचा पाऊस चालू होता. एका काकांनी केव्हीपीवाय द्यायला सांगितलं. ती विज्ञानाची स्कॉलरशिप २०२२ मध्येच केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेत विलीन झाली. इन्स्पायर मात्र मी तक्त्यात घेतली. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपये. हा आकडा मी मुद्दाम जाड अक्षरांत केला, कारण तो तक्ता विनू बघणार होता.

शहरात एक करिअर मेळावाही भरला होता. तिथल्या एका खाजगी विद्यापीठाच्या स्टॉलवर वाघाच्या फोटोखाली वन्यजीवांचा ऑनर्स अभ्यासक्रम होता. मुलगी बोलायला फार गोड. मी सहा सत्रांचा अभ्यासक्रम मागितला. तिच्याकडे माहितीपत्रक होतं, अभ्यासक्रम नव्हता. तो नंतर मेलवर आला. आता आम्हाला वाचायचं कसं ते कळलं होतं. नावं सोडून द्यायची आणि तास मोजायचे. प्रयोगशाळेचे किती, बाहेर हिंडण्याचे किती, संख्याशास्त्र आहे का, शेवटी स्वतःचा प्रकल्प आहे का. त्या वाघवाल्या अभ्यासक्रमात सहा सत्रांत मिळून एक अभ्यास सहल होती. आमच्या युनिव्हर्सिटीच्या साध्या, बिनवाघाच्या प्राणिशास्त्रात त्याहून जास्त निघालं. अर्थात तिथेही संख्याशास्त्र उपाशीपोटी गोळी घ्यावी तसं, एका कोपऱ्यात.

फॅकल्टीत तिला मी प्रत्यक्ष नेलं. कितीतरी वर्षांनी त्या जिन्यावर पाय ठेवला. फॉर्मची रांग आता नाही. २०२४ पासून राज्याच्या सामाईक पोर्टलवर सगळं भरतात. फॉर्मेलिनचा वास मात्र होता तिथेच होता. तिथल्या एका प्राध्यापकांनी आम्हाला अर्धा तास दिला. मी वेगवेगळ्या पदव्यांची तुलना विचारत होते आणि ते सईला विचारत होते, "तू नदीवर किती वेळा गेलीस? काही लिहून ठेवलंस?" तिने पुराच्या वेळची वही दाखवली. त्यांनी ती चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं: "इथे वेळ लिहिली नाहीस. वेळ नसेल तर ही नोंद नाही, आठवण आहे." मी क्वालिटी कंट्रोलची बाई, मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

परतताना कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये शिरलो. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या पिल्लाचा. मी तो पन्नास वेळा पाहिला असेन. सई त्याच्याखाली उभी राहून कण्यातले मणके मोजत होती आणि पहारेकरी "बेन, आगळ चालो" म्हणत होता.

विनूचा खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्याने एका रात्री, त्याची बायको मेधा आणि सई झोपल्यावर विचारला. "ताई, हे सगळं झालं. पण नंतर काय? पोरगी खाणार काय?" या प्रश्नाला हसण्यात अर्थ नाही. मी त्याला जे होतं ते सांगितलं. वन्यजीवांचा चांगला एमएससी देशात मोजक्या ठिकाणी आहे. डेहराडूनची वन्यजीव संस्था १९८२ ची. गंमत म्हणजे तिच्या एमएससीची पदवी अनेक वर्षं आपल्या राजकोटचं सौराष्ट्र विद्यापीठ देत होतं. बंगलोरला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत आहे, पण तिथे प्रवेश एक वर्षाआड असतात. नेमक्या आडव्या वर्षी पदवीधर झालात की वर्षभर थांबा. जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. पुढे फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० आणि घरभाडं. ती मिळेपर्यंतची वर्षं घरच्यांच्या जिवावर. पक्क्या नोकऱ्या कमी. हे खोटं गोड करून सांगितलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं, कारण तो विम्याचा माणूस आहे.

मग म्हटलं, बाकी प्राणिशास्त्राच्या पदवीवर यूपीएससीची भारतीय वन सेवेची परीक्षा देता येते.

"यूपीएससी?" विनू खुर्चीत सरळ बसला. दोन महिन्यांत मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीने एवढा प्रकाश पडला नव्हता.

दुसरा तह पशुवैद्यकावर झाला. आणंद आमच्यापासून तासाभरावर, साडेपाच वर्षांचा कोर्स, अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागा नीटच्या गुणांवर. म्हणजे नीट द्यायची, क्लासची फी सत्कारणी, नावामागे डॉक्टर, आणि रेस्क्यू झालेल्या मगरीला कुणीतरी टाके घालावेच लागतात. सईला हे वाईट वाटलं नाही. मला मात्र थोडं वाटलं. तह असाच असतो, दोन्ही बाजू हसतात आणि मूळ प्रश्न मातीत पुरलेला राहतो. पण मी आत्या आहे, आई नाही. काही गोष्टी मनात ठेवायच्या असतात.

गणित सुरू झालं जानेवारीत, आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी, दर शनिवारी. ए ग्रुपची पुस्तकं आणली. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. फलन, मर्यादा, चिन्हांची गर्दी, सई रडकुंडीला आली आणि म्हणाली, "याचा मगरीशी काय संबंध?" तेव्हा मी आईच्या डब्यातून चवळी काढली.

परात भरून चवळी ओतली आणि विचारलं, "न मोजता सांग, किती?" सई म्हणाली, "पाचशे?" मी चाळीस दाणे घेतले, लाल बॉलपेनने प्रत्येकावर ठिपका दिला, परत टाकले, हाताने कालवले. मग तिला डोळे मिटून मूठभर काढायला लावलं. बावन्न निघाले, त्यात सात लाल. म्हटलं, तुझ्या मुठीत बावन्नात सात लाल, तर परातीत किती दाण्यांमागे चाळीस लाल असतील? तिने गुणिले-भागिले केलं. २९७. दुसरी मूठ: पंचेचाळीस, चार लाल. ४५०. तिचा चेहरा उतरला. "हे तर काहीच्या काही." तिसरी: पन्नास, सहा लाल. ३३३. मग बसून एकेक दाणा मोजला. ३१२.

डेन्मार्कच्या पीटरसनने ही युक्ती माशांसाठी वापरली, अमेरिकेच्या लिंकनने १९३० मध्ये बदकांसाठी. सईला नावांत रस नव्हता. तिला तो ४५० झोंबला होता. एक मूठ इतकी चुकते, तर नदीवर एक रात्र गेलं तर किती चुकेल? किती रात्री जायला हवं? हे आधीच सांगता येईल का? मी म्हटलं, येईल, पण त्यासाठी तुझी ती चिन्हांची गर्दी लागते. तिने पुस्तक ओढून घेतलं. मग स्वतःच म्हणाली, "पण आत्या, चवळी लपत नाही. मगरीला एकदा पकडून खूण केली की ती दुसऱ्यांदा बोटीजवळ येईल का? मग लाल दाणे कमी सापडतील आणि आपल्याला वाटेल मगरी खूप आहेत." मी तिला हे सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच ते त्या क्षणी कळत होतं. रात्री टॉर्च मारून डोळ्यांची चमक मोजतात, त्यातही पाण्याखालच्या सुटतातच. म्हणजे मोजणाऱ्याला जे दिसलं नाही त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. तिचं मत पहिल्यापासून एकच: मगर बघायला पदवी कशाला, पुलावर उभं राहावं.

एक्सेलची यादी आता नऊ ओळींवर आली आहे आणि रंग काढून टाकलेत. शेवटी एक नवा रकाना आहे, त्याचं शीर्षक सईने घातलं: "इथे बाहेर किती दिवस?" विनू अजून रोज क्लासला सोडतो आणि दर शनिवारी माझ्याकडेही सोडतो. पेट्रोलचा हिशेब मात्र मला ऐकवतो.

त्या शनिवारी रात्री आईने तीच चवळी भिजवायला घेतली. शाईचे दाणे पोटात जायला नकोत म्हणून चष्मा लावून, दिव्याखाली ताट धरून, एकेक लाल ठिपका वेगळा काढत बसली. शेवटी वाटीतले मोजले आणि हाक मारली, "अगं, एकोणचाळीसच आहेत. चाळीस होते ना?"

आम्ही तिघींनी परात पुन्हा चाळली, ओट्याखाली पाहिलं, चटई झटकली. चाळिसावा सापडला नाही.

सईने वही उघडली. आधी घड्याळाकडे बघून वेळ लिहिली, मग विचारलं, "आत्या, हा मेला असं धरायचं, की नदी सोडून गेला असं?"